वाऱ्याकडची बाजू

रेनिटा तुस्कानो कुणाबरोबरही चालायला लागली की आधी वारा कुठून येतोय ते बघायची आणि मुकाट्याने त्या बाजूला जाऊन चालायची. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या इमारतीपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतचं अंतर ते काय, पण तेवढ्यातही तिचं हे चालू. गल्ली वळली की बाईसाहेब तुमच्या डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला मला वाटायचं, पोरीला एका जागी चैन पडत नाही. एकदा माझ्या बायकोने, माधुरीने, तिला विचारलंच, "अगं, किती इकडून तिकडे करतेस? सरळ चाल की." त्यावर रेनिटा ओशाळून म्हणाली, "सॉरी आंटी, हॅबिट झालीय. वारा माझ्यावर, तुम्ही आत."

या वाक्याचा खरा अर्थ मला कळायला बरीच वर्षं लागली. रेनिटा व्यावसायिक सायकलपटू आहे. म्हणजे सायकल चालवणं हीच तिची नोकरी. ती आता स्पेनमधल्या एका लहानशा गावात राहते, युरोपातल्या एका छोट्या टीमकडून बायकांच्या रस्त्यावरच्या शर्यती खेळते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेते. आमच्या ठाण्यात सायकल चालवायचा पगार फक्त पोस्टमनला मिळायचा, त्यामुळे हे पचायला मला जड गेलं. आज मात्र आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की चहाचा कप त्यांच्या हातात पडायच्या आत मी तिची गोष्ट सुरू करतो. माधुरी म्हणते, "पोर तुस्कानोंची आणि कॉलर सामंतांची ताठ!" असेना का. ताठ आहे.

आमची ओळख भांडणाने झाली. आमच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे चार माणसं आणि एक भाजीची पिशवी मावली तर मावली. एका सकाळी मी ऑफिसला निघालो, तर लिफ्टमध्ये एक सायकल मागच्या चाकावर घोड्यासारखी उभी आणि तिच्याआड दहावीतली एक किडकिडीत मुलगी. खाली पोचेपर्यंत साखळीचं काळं वंगण माझ्या इस्त्रीच्या पँटला लागलेलं होतं. मी तोंडाचा पट्टा सोडला. तिने तो संपेपर्यंत ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "व्हेरी सॉरी अंकल. पण नेक्स्ट टाइम तुम्ही डोअरच्या साइडला उभे राहा, मग नाही लागणार." चूक तिची आणि शिकवणी मला! संध्याकाळी तिचे वडील दारात हजर. हात जोडून म्हणाले, "साहेब, ती पँट द्या. आमच्या हॉटेलच्या लॉण्ड्रीत टाकतो." दुसऱ्या दिवशी पँट हँगरवर, कागदी वेष्टनात परत आली. असली कडक इस्त्री त्या पँटने जन्मात पाहिली नव्हती. त्यानंतर भांडायला तोंडच उरलं नाही.

हे वडील म्हणजे विल्सन तुस्कानो. मूळचे वसईचे. इथल्या एका पंचतारांकित हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, म्हणजे लग्नं आणि मोठ्या मेजवान्यांत वाढणाऱ्यांच्या पलटणीचे म्होरके. बुटका, नीटनेटका माणूस. बूट असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. गच्च भरलेल्या हॉलमधून हातावर ग्लासांचा ट्रे घेऊन ते असे निघायचे, की पाण्याला कळायचं नाही आपण चाललोय. कोटाच्या खिशावर नावाची पितळी पट्टी. त्यांचं एक दुखणं होतं आणि ते या पट्टीशीच निगडित होतं. "एवढी चकाचक करून लावतो, सामंतसाहेब," ते म्हणायचे, "पण वाचत कुणी नाही. हॅलो, बॉस, भय्या, एक्सक्यूज मी. चुटकी वाजवतात आणि बोलावतात. जेवणारा ताटाकडे बघतो, हाताकडे बघतो. तोंडाकडे नाही बघत." आणि मग ठरलेलं पुढचं वाक्य यायचं, "माझी बाय कुणाला पाणी नेऊन देणार नाही. ती घेणाऱ्यांत बसणार." बाय म्हणजे रेनिटा. एकुलती एक. तिची आई ग्रेसीवहिनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. बापाने कितीही मोठे बेत केले तरी त्या फक्त "बघू" म्हणायच्या.

रेनिटाला सायकलचं वेड कुठून लागलं, देव जाणे. पण लागलं ते असं, की सुट्टीच्या दिवशी ऊन चढायच्या आत तिला शहराबाहेर, वाळवंटातल्या अल कुद्राच्या सायकलमार्गावर पोचायचं असे. सुट्टीचे दिवस म्हणजे हॉटेलातल्या लग्नांचे दिवस, त्यामुळे विल्सन अडकलेले. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी कुरकुर करत मागची सीट आडवी करायचो, तिची सायकल आत घालायचो, आणि ही बाजूला बसून हुकूम सोडायची, "यल्ला अंकल, चला चला, सूर्य आपल्या आधी पोचला तर खलास!" तिकडे गोऱ्यांचे, फिलिपिनोंचे मोठमोठे ग्रुप यायचे. ही कुणाच्याही मागे लागायची. मी गाडीत थर्मासमधला चहा पीत बसायचो आणि दूरवर उंट दिसले की मोजायचो.

एकदा मी म्हटलं, "सगळे एकाला एक चिकटून काय चालवता? एवढा रिकामा रस्ता पडलाय, जरा हातपाय पसरा की." तिने तिथे भाड्याने मिळते ती एक सायकल आणली आणि मला तिच्यावर बसवलं. पन्नाशी उलटलेला मी, पोट आधी आणि मी नंतर. समोरून वारा असा, की पायांत शिसं भरल्यागत झालं. फर्लांगभर गेलो आणि जीव कासावीस झाला. तेवढ्यात ती माझ्या पुढे आली आणि मान वळवून म्हणाली, "माझ्या चाकाला चिकटा, अंकल. घाबरू नका, मी ब्रेक नाही मारणार." चिकटलो आणि काय सांगू, पेडल एकदम हलकं झालं. वारा गायब. "बघितलं?" ती ओरडली. "पुढचा वारा खातो म्हणून मागचा पळतो. ही सगळी रेस म्हणजे एवढंच आहे." मी मागे आरामात होतो आणि समोर तिचे खांदे वाऱ्याने हलत होते. मला त्या दिवशी ते दिसलं. मनात शिरलं मात्र नाही.

इथल्या मुलींच्या शर्यती तिने एकामागून एक मारल्या. सगळ्या करामात बभ्रा झाला. आमच्या खालच्या उडुपी हॉटेलवाल्याने तिचा करंडकासकट फोटो ज्यूसच्या काउंटरवर लावला. इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं आणि अध्यक्षांनी भाषणात तिला सायकलसुंदरी म्हणून टाकलं. विल्सन पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते, आणि त्या दिवशी पाणी त्यांना दुसऱ्या कुणीतरी आणून दिलं. रेनिटाला बोलायला सांगितलं तर ती तीन भाषांत मिळून एवढंच बोलली, "थँक यू. मैं जीती, बिकॉज माझ्या पुढे कुणीतरी वारा खात होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. माझ्यासकट.

वडिलांच्या हट्टापायी तिने डिग्री घेतली आणि मग बेल्जियमला एका हौशी क्लबात गेली. तिथे गॅरेजवरच्या एका खोलीत राहिली, गारठ्यात आणि चिखलात पडली, गळपट्टीचं हाड मोडून घेतलं, ते जुळल्यावर परत सायकलवर बसली. ग्रेसीवहिनींना फोनवर म्हणायची, "मम्मी, हाड जुळतं गं. फॉर्म गेला तर येत नाही." शेवटी तिला एका छोट्या टीमचा करार मिळाला. ती बातमी आली तेव्हा विल्सननी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. मीही पेढा खाताना मनाशी म्हटलं, आता रोज जिंकणार.

पण रोज सोडा, ती जिंकेचना. मी ऑफिसात कामं बाजूला ठेवून निकाल बघायचो. कधी साठावी, कधी नव्वदावी, कधी नुसतंच 'शर्यत पूर्ण केली नाही'. उडुपीवाला ऑर्डर घेता घेता विचारायचा, "अपनी चॅम्पियन का क्या हुआ, साब?" मी म्हणायचो, तब्येत जरा बरी नाही. विल्सनना त्यांच्या हॉटेलातले लोक विचारायचे, ते म्हणायचे, कॉम्पिटिशन फार आहे तिकडे. दोघेही थापा मारायचो आणि लिफ्टमध्ये भेटलो की एकमेकांकडे बघायचो नाही. रेनिटा फोनवर मात्र खुशीत असायची. "आज मस्त झालं, अंकल!" मी म्हणायचो, "अगं, ब्याऐंशीवी आलीस!" ती म्हणायची, "हो ना! पण मार्लीन तिसरी आली!" ही मार्लीन म्हणजे तिच्या टीमची मुख्य खेळाडू, हॉलंडची. दुसऱ्याच्या तिसऱ्या नंबरावर एवढं खूश व्हायचं काय कारण, हे मला उमजेना.

शेवटी विल्सननी तिला फोनवर निर्वाणीचं सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. "बाय, आता फेब्रुवारीत इथे बायकांची मोठी रेस आहे. तुमची टीम येतेय. आमच्या डोळ्यांसमोर नंबर काढ. नाही काढलास तर खलास. सायकल ठेवायची आणि घरी यायचं. ऑफिसची चांगली नोकरी मी बोलून ठेवलीय." पलीकडून आवाज आला, "ओके पप्पा." रेनिटाचं 'ओके' हा होकार नसायचा आणि नकारही नसायचा. मला ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ. पण विल्सन बोलले ते करणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्या टीमबरोबरचा करारही त्याच वर्षी संपत होता.

शर्यत चार दिवसांची होती. पहिल्या दिवशी मी, विल्सन आणि करामातली आठ-दहा माणसं शहराबाहेरच्या एका चौकात झेंडे घेऊन उभे होतो. लांबून मोटरसायकली आल्या, मग शंभरेक मुलींचा तो रंगीत घोळका आला आणि आमच्या डोळ्यांदेखत रेनिटा त्या घोळक्यातून मागे पडायला लागली. बाकीच्या पुढे चालल्या आणि ही एक हात वर करून संथपणे मागे मागे, मोटारींच्या रांगेकडे. माझा संयम सुटला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अगं पुढे! पुढे जा! मागे काय जातेस? पाय मार, पाय!" तिने माझ्याकडे बघून चक्क हात हलवला. थोड्या वेळाने रस्ता वळसा घालून परत आमच्याच चौकात आला, तेव्हा ती जोर लावून घोळक्याकडे परतत होती आणि तिच्या पाठीला भलंमोठं कुबड आलं होतं. जर्सीच्या खिशांत बाटल्या, गळ्यातून आत बाटल्या. मी पुन्हा ओरडलो, "अगं, ओझं टाक ते आधी!"

संध्याकाळी टीमच्या हॉटेलात लॉबीत आम्हाला तासभर भेटू दिलं. रेनिटा हसून हसून सोफ्यावर लवंडत होती. "अंकल, टीम रेडिओवर सगळ्या विचारत होत्या, तो माणूस काय ओरडतोय? मी सांगितलं, ही इज माय कोच!" मग तिने समजावून सांगितलं. टीममध्ये सहा जणी. जिंकायचं एकीने, मार्लीनने. बाकीच्या पाच जणींनी तिच्यासाठी वारा खायचा, तिला खड्डे चुकवून न्यायचं, आणि पाणी संपलं की मागे टीमच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांच्या बाटल्या आणून द्यायच्या. तिची सायकल पंक्चर झाली आणि गाडी जवळ नसली तर आपली काढून द्यायची. "माझी आणि मार्लीनची हाइट सेम आहे ना," ती खोडकरपणे म्हणाली, "म्हणूनच मला घेतलंय बहुतेक. सीट पण खालीवर करावी लागत नाही."

मी हसलो. विल्सन हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तू त्यांना पाणी नेऊन देतेस?"

"हो पप्पा. मी सांगितलं होतं फोनवर. तुम्ही म्हणालात नेटवर्क कट होतंय."

"मी आयुष्यभर ट्रे उचलला," विल्सन म्हणाले. "चुटकी वाजली की धावलो. कशासाठी? तुला ते करायला लागू नये म्हणून. आणि तू स्पेनला जाऊन तेच करतेस? सायकलवर बसून?"

लॉबीतली माणसं बघायला लागली. रेनिटा वाद घालत बसली नाही. ती फक्त म्हणाली, "तेच करते, पप्पा. आणि खूप चांगलं करते."

"बस झालं. रेस संपली की घरी यायचं. नंबरबिंबर काही नको आता."

"ओके पप्पा," ती म्हणाली. "पण लास्ट डेला एक काम कराल माझं? आमची एक हेल्पर आजारी पडलीय. रस्त्याकडेला उभं राहून बाटल्या द्यायला माणूस हवाय. हात स्टेडी पाहिजे. मी मॅनेजरला सांगून टाकलंय, माय फादर इज द बेस्ट इन दुबई." विल्सननी अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, उठून जातील. पण पोरीने मागितलेलं काम त्यांनी आजवर कधी नाकारलं नव्हतं. "शेवटचं," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी शर्यत वाळवंटातून निघून अल ऐन शहराला वळसा घालून जबल हफीत डोंगराच्या माथ्यावर संपणार होती. विल्सन पांढरा शर्ट आणि ते चकचकीत बूट घालून आले. टीमच्या बाईने त्यांना बाटली कशी धरायची ते दाखवलं, वरून दोन बोटांत, सैल, हात लांब करून. विल्सननी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "हिला सांगा, ग्लास असाच देतात. घेणाऱ्याने घेतला की आपण लगेच सोडायचा." वारा आडवा सुटला होता, वाळू पिंढऱ्यांना टोचत होती. अशा वाऱ्यात घोळका टिकत नाही, त्याचे तुकडे होतात, आणि जी पुढच्या तुकड्यात राहिली तिचाच काय तो नंबर.

आणि मोटरसायकलींमागून पहिला तुकडा आला, तर त्यात रेनिटा! वीसेक जणी, तिरक्या रांगेत, आणि ही अगदी वाऱ्याकडच्या टोकाला. तिच्या आडोशाला मार्लीन. "पुढे आहे! सामंतसाहेब, बाय पुढे आहे!" विल्सन ओरडले, पण हात हलला नाही. त्या वेगातून रेनिटाने बापाच्या बोटांतून बाटली अलगद उचलली आणि तशीच मार्लीनच्या हातात दिली. पुढच्या क्षणी त्या गेल्याही. मी टाळ्या वाजवत होतो. आता हिचा नंबर येणार, विल्सनचा राग जाणार, सगळं मार्गी लागणार, असं माझं गणित झालं होतं.

तेवढ्यात पुढे, हाकेच्या अंतरावर, मार्लीनने हात वर केला. चाकातली हवा गेली होती. टीमची गाडी मागच्या तुकड्यांच्याही पलीकडे अडकलेली. रेनिटाने ब्रेक मारले, खाली उतरली, आपली सायकल मार्लीनला दिली, तिच्या पाठीला हात लावून दोन-चार पावलं पळत जोराने ढकललं, आणि ती गेली. सगळं इतक्या चटकन झालं की मी टाळी वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले. मग दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला, दमून मागे राहिलेल्याही गेल्या. आमची रेनिटा हवा गेलेली सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी.

विल्सन धावले. त्या बुटांनी, वाळूतून. मागून मी धापा टाकत.

"बाय, तुझी सायकल?"

"तिला दिली."

"अगं, तू पुढे होतीस!"

"म्हणूनच देता आली, पप्पा," रेनिटा म्हणाली. तिचा श्वास अजून फुललेला होता आणि चेहरा घामाने आणि वाळूने माखला होता. "मागे असते तर काय दिलं असतं?"

विल्सनच्या हातात एक बाटली उरली होती. ती त्यांनी तिच्यापुढे धरली, दोन बोटांत, सैल. ती गटागटा प्यायली. तेवढ्यात टीमची गाडी आली, दुसरी सायकल उतरली, आणि ती कुणाकडे न बघता वाऱ्यात डोकं घालून निघून गेली.

टीमच्या व्हॅनने आम्हाला सरळ रस्त्याने हफीतच्या माथ्यावर नेलं. वाटेत विल्सन बुटांतली वाळू झाडत बसले. मी आत्तापर्यंत तिचे जेवढे साठावे आणि ब्याऐंशीवे नंबर वाचले होते, त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे असंच काहीतरी असणार, हे आता कुठे माझ्या डोक्यात उजेडत होतं. माथ्यावर मोठ्या पडद्यावर शेवटचा चढ दिसत होता. मार्लीन एकेकीला मागे टाकत एकटीच निघाली होती. आणि ती जिंकली. रेनिटाच्या सायकलवर बसून जिंकली. सायकलच्या दांडीवर रेनिटाच्या नावाची छोटी पट्टी चिकटवलेली होती, ती पडद्यावर स्पष्ट दिसली. मी विल्सनना कोपराने ढोसलं. त्यांनी ती आधीच वाचली होती.

पुढे झालं ते असं. बक्षिसासाठी मार्लीनला बोलवायला माणूस आला, तर ती हलेना. माइकवाला आला, तर म्हणाली, थांबा. ती तशीच, अंगावर टॉवेल टाकून, अंतिम रेषेपाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने दमलेल्यांचा शेवटचा घोळका वर आला, त्यात रेनिटा. मार्लीनने तिला सायकलवरून उतरूही न देता मिठी मारली. मग तिला हाताला धरून कॅमेऱ्यासमोर ओढत नेलं आणि माइकवर म्हणाली, "आधी एक नाव लिहून घ्या. रेनिटा तुस्कानो. आज ती जिंकली, मी फक्त पुढे आले." उच्चार अगदीच वाकडातिकडा होता. पण नाव पुरं घेतलं, आडनावासकट, आणि ते डोंगरावरच्या कर्ण्यांतून सगळ्यांना ऐकू गेलं.

विल्सननी माझा दंड घट्ट पकडला होता. "आडनाव पण घेतलं," ते म्हणाले. त्यांचा हात नकळत शर्टाच्या खिशावर, पट्टी लावतात त्या जागी गेला. "सामंतसाहेब, पाणी देणाऱ्याचं नाव घेतलं हो." आणि तो नीटनेटका माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला. मीही लागलो. माझ्या डोळ्यांत वाळू गेली होती असं मी माधुरीला सांगितलं आहे, पण ते खरं नाही.

बक्षीससमारंभ आटोपल्यावर रेनिटा आमच्याकडे चालत आली. तिने टीमचं जाकीट घातलं होतं तरी ती कुडकुडत होती, कारण माथ्यावर वारा नुसता घोंगावत होता. टीमची मॅनेजर तिला काहीतरी सांगून गेली होती. "आणखी दोन वर्षं ठेवतायत, पप्पा," ती जपून म्हणाली. "मी अजून हो नाही म्हटलं. तुम्ही म्हणाला होतात, घरी ये."

विल्सननी रुमालाने डोळे पुसले, रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. "पुढची रेस कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"इटलीत."

"तिथे थंडी असेल. स्वेटर घेऊन जा."

आम्ही तिघं व्हॅनकडे चालायला लागलो. रेनिटाने सवयीप्रमाणे मान वळवून वारा कुठून येतोय ते बघितलं आणि बाजू बदलायला निघाली, तेवढ्यात विल्सननी तिचं कोपर धरून तिला थांबवलं. ते तिला वळसा घालून पलीकडे गेले. तो बुटका माणूस, तिच्या खांद्यालाही धड लागत नव्हता, त्याचा कितीसा आडोसा होणार! तरी ते छाती काढून तिच्या बाजूला चालत राहिले.

"पप्पा, राँग साइड," रेनिटा म्हणाली.

"गप. आज वारा माझ्यावर," विल्सन म्हणाले. "तू आत चल."